परत येणाऱ्यांचं नाव

पावणेसातला सूतगिरणी चौकाकडून आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत पिवळी स्कूल व्हॅन वळते. व्हॅनवाले काका खाली उतरून दप्तरं टपावर रचतात, बारक्यांना आत सरकवतात, मोठ्यांना कडेला बसवतात आणि दार लोटतात. रोजचंच दृश्य. पण 'व्हॅन' हा शब्द कुठून आला हे कळल्यापासून मी ते डोळे भरून पाहतो.

'व्हॅन' हे एका लांबलचक शब्दाचं उरलेलं शेपूट आहे. मूळ शब्द फारसी, 'कारवान'. वाटेत लुटलं जाऊ नये म्हणून व्यापारी, यात्रेकरू आणि त्यांची लादलेली जनावरं मिळून निघत, तो जथा. युरोपात त्याचा 'कॅरव्हॅन' झाला. इंग्रजांनी तो झाकलेल्या मोठ्या गाडीला लावला आणि 19व्या शतकात पुढचा भाग गळून नुसती 'व्हॅन' उरली.

आपलं शहर तर कारवानांच्याच वाटेवरचं. 17व्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा एक रस्ता औरंगाबादवरून जायचा. हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानं धान्य आणि मीठ वाहणारे दहा-बारा हजार बैल एकाच वेळी चाललेले पाहिले. अरुंद वाटेवर असा जथा समोरून आला, तर तो सरेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावं लागे! असा बैलांचा व्यापार बंजाऱ्यांचा, आणि त्यांच्या चालत्या जथ्याचं नाव तांडा. पुढे रेल्वे आली, बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरल्या, तांडे जागोजागी स्थिरावले. आज कन्नड-सोयगावकडे गावांच्या पाट्यांवर 'तांडा' वाचायला मिळतं. चालणाऱ्यांचा शब्द मुक्कामाचा पत्ता झाला.

माझा जीव मात्र अडकलाय तो 'काफिला' या शब्दात. तो अरबी. त्याच्या मुळाशी 'क-फ-ल' हा धातू आहे आणि त्याचा अर्थ आहे परतणं. काफिला म्हणजे खरं तर परत येणारे! मग नुकत्याच निघालेल्यांना हे नाव कसं? जुने अरबी कोशकार सांगतात, शकुन म्हणून. वाळवंटात पाऊल टाकणाऱ्यांना 'परत येणारे' म्हणायचं, म्हणजे ते सुखरूप परततील.

हे वाचलं आणि अंगावर काटा आला. कारण आपल्याकडेही उंबऱ्यावरून कुणी 'जातो' म्हणत नाही. चुकून म्हटलंच, तर आजी लगेच दटावते, "जातो नाही, येतो म्हणावं."

व्हॅनचं दार लागता लागता आतून सर्वांत बारका आवाज येतो, "आई, येते गं!"