फुगलेला डबा

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. समुद्रातला मासा येथे दुरून येतो. कधी बर्फात, तर कधी पत्र्याच्या डब्यात बंद होऊन.

डब्यातला मासा महिनोन् महिने कसा टिकतो? मासा भरल्यावर डबा हवाबंद करतात आणि खूप तापवतात. उष्णतेने आतले जंतू मरतात व बाहेरचे आत शिरू शकत नाहीत. पण तापवण्यात कसूर झाली किंवा डब्याला बारीक छिद्र पडले, तर आत जंतू वाढतात. त्यांच्यापासून वायू तयार होतो आणि डबा फुगतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू तर हवा नसतानाच वाढतो. त्याच्या विषाने स्नायू लुळे पडतात, श्वासही थांबू शकतो. या विषाला वास नसतो, चव नसते. म्हणून फुगलेल्या डब्यातला मासा चाखूनही पाहू नये.

असा माल विकणे हा गुन्हा आहे. भारतात 1954 साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या जागी आता 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आहे. मुदत संपलेला माल विकला, तर या कायद्याप्रमाणे विक्रेता जबाबदार ठरतो. असुरक्षित अन्नामुळे कोणाचा मृत्यू झाला, तर दोषी व्यक्तीला किमान सात वर्षे कैद व किमान दहा लाख रुपये दंड होतो. ही कैद जन्मठेपेपर्यंत वाढू शकते.

समजा, खामगावच्या एखाद्या दुकानात असे डबे आहेत. तक्रार आल्यावर अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी तेथे जातो आणि मालाची किंमत देऊन नमुना घेतो. नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद करतात. एक भाग सरकारी अन्न विश्लेषकाकडे जातो. दोन भाग वरिष्ठ अधिकाऱ्याकडे राहतात. दुकानदाराने मागणी केल्यास चौथा भाग दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासतात. त्यामुळे निर्दोष दुकानदारावर अन्याय होत नाही.

ग्राहकालाही अधिकार आहे. दुकानदाराला तसे सांगून आणि शुल्क भरून तो विकत घेतलेला पदार्थ तपासून घेऊ शकतो. पदार्थ दोषी ठरला, तर शुल्क परत मिळते.

मुलांनो, अधिकारी प्रत्येक दुकानात रोज जाऊ शकत नाही. ग्राहक मात्र रोज जातो. डबा घेताना त्यावरची तारीख वाचा. तो फुगलेला, गंजलेला किंवा गळका असेल तर घेऊ नका. पावती जपून ठेवा. घरात कोणाला वाचता येत नसेल, तर त्यांना तुम्ही वाचून दाखवा. तक्रार करणे म्हणजे भांडण नव्हे. पुढच्या ग्राहकाचा जीव त्यामुळे वाचू शकतो.