पलीकडच्या काठाचं शहर

बुडापेस्टमध्ये बुडा बघायचा तर पेस्टमध्ये उभं राहावं लागतं आणि पेस्ट बघायचं तर बुडाच्या टेकडीवर चढावं लागतं. डॅन्यूब उत्तरेकडून येते आणि शहराच्या मधून दक्षिणेला निघून जाते. तिच्या पश्चिमेला बुडा, म्हणजे सगळे चढउतार आणि वर राजवाडा. पूर्वेला पेस्ट, तिथे औषधालाही टेकाड नाही. बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही गावं १८७३ साली एक झाली. तोवर बुडा आणि पेस्ट यांच्यामधला पहिला कायमचा पूल, सेचेन्यी साखळी पूल, उभा राहून चोवीस वर्षं झाली होती. या पुलाच्या बुडाकडच्या तोंडाशीच डोंगर आहे आणि डोंगरातून थेट आरपार बोगदा. पाऊस आला की पूल भिजू नये म्हणून तो ओढून बोगद्यात ठेवतात, हा इथला जुना विनोद. मलाही तो दोघांनी सांगितला आणि दोन्ही वेळा सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

आपल्याकडच्या मध्य युरोपच्या सहलींत प्राग, व्हिएन्ना झाल्यावर या शहराच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो आणि त्यातला बराचसा बसमधून चढण्या-उतरण्यात आणि माणसं मोजण्यात जातो. बसबद्दल माझी तक्रार वेळेची नाही, जागेची आहे. या शहरात बघण्याची चांगली जागा रुळांना दिलेली आहे.

दोन नंबरची ट्राम घ्या. मार्गारेट पुलाच्या पेस्टकडच्या टोकाला, यासाई मारी चौकात ती सुटते. पिवळीधम्मक, जोडडब्यांची, चढायला उंच पायऱ्या. याच शहरातल्या गान्झ कारखान्याच्या जुन्या गाड्या या मार्गावर वर्षानुवर्षं धावत आल्या आहेत. दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरायची. पुण्याच्या गाडीत घाटाची बाजू पकडून बसण्याची सवय असलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. इथले रोजचे प्रवासी मात्र डावीकडे बसतात, फोनमध्ये डोकं घालून. उजवीकडच्या जागा जणू पाहुण्यांसाठी सोडलेल्या.

पहिल्याच टप्प्यात फजिती होते. संसदेची इमारत २६८ मीटर लांब आहे आणि तिचा घुमट ९६ मीटर उंच. मज्यार, म्हणजे हंगेरियन, टोळ्या या खोऱ्यात उतरल्या ते वर्ष ८९६ मानतात, त्याची ही आठवण. सेंट स्टीफनच्या बॅसिलिकाचीही उंची तेवढीच ठेवली आहे. पण ट्राम नेमकी इथे नदी सोडते आणि संसदेच्या मागच्या अंगानं, कोशुत चौकातून जाते. इमारत इतक्या जवळून सरकते की दिसतच नाही. दिसतात ते भिंतीचे तुकडे, एखादा सिंह, पहारेकरी, फोटोसाठी मागे मागे सरकत जवळजवळ रुळांवर आलेला एक गृहस्थ आणि त्याच्यासाठी घणघणणारी घंटा. वास्तुविशारद इमरे श्टाइंडलनं या इमारतीचं तोंड नदीकडे केलं. ती बघायची ती बुडाहून.

मग गाडी पुन्हा काठावर येते आणि पुढची दहाएक मिनिटं तिला तोड नाही. एका बाजूला हॉटेलं, दुसऱ्या बाजूला नुसता कठडा. कठड्याखाली मोटारींचा रस्ता, त्याखाली पाणी, पाण्यापलीकडे राजवाडा पूर्ण, डोंगर पूर्ण. साखळी पुलाजवळ रूळ खाली उतरतात आणि ट्राम पुलाच्या पोटाखालून पलीकडे निघते. क्षणभर अंधार, मग पुन्हा सगळा बुडा. विगाडो चौकात कठड्यावर एक ब्राँझची पोर बसली आहे, डोक्यावर कागदाचा असावा तसा मुकुट. लास्लो मार्तोनचं शिल्प. तिचे गुडघे हात लावून लावून सोन्यासारखे पिवळे झालेत, बाकी अंग काळपट. ट्राम तिच्या पाठीमागून हातभर अंतरानं गेल्यासारखी वाटते.

ट्राममधून जे दिसत नाही तेही सांगायला हवं. संसदेच्या जरा दक्षिणेला, खालच्या धक्क्याच्या अगदी कडेला लोखंडी बुटांचे साठ जोड आहेत. १९४४-४५च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी ज्यूंना या काठावर आणून, पायातले बूट काढायला लावून गोळ्या घातल्या. मृतदेह नदीनं नेले. द्यूला पॉवेर आणि जान तोगाय यांनी केलेलं हे स्मारक २००५ साली तिथे बसवलं. त्यासाठी ट्राममधून उतरावं लागतं, खाली यावं लागतं, भरधाव मोटारींचा रस्ता ओलांडावा लागतो. बायकांचे टाचांचे बूट आहेत, एक जोड अगदी लहान मुलाचा. कोणी तरी त्यात लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या होत्या.

नदी हे या ट्रामचं वैभव आणि तीच तिची मालकीण. पाणी चढलं की आधी खालचा रस्ता बंद होतो, आणखी चढलं की काठावरची ट्राम. जून २०१३ मध्ये इथल्या मापपट्टीवर पाणी ८९१ सेंटिमीटरला पोचलं, तो आजवरचा उच्चांक. पुलाखालचा तो क्षणभराचा अंधार आठवला की ट्राम का थांबवावी लागते ते लगेच कळतं.

आता तिकिटाचं. इथल्या मेट्रोला आपल्याकडच्यासारखी उघडझाप करणारी फाटकं नाहीत. नुसतं यंत्र असतं, त्यात तिकीट घालायचं, त्यावर शिक्का उमटतो, चालायला लागायचं. नुसतं तिकीट खिशात असून भागत नाही, त्यावर शिक्का हवा. जुन्या ट्राममधल्या पेटीला एक दट्ट्या असे. कागदी तिकिटावर एक ते नऊ आकड्यांची चौकट छापलेली असायची, दट्ट्या ओढला की त्यातले काही आकडे भोकं पडून फुटायचे. कोणते फुटले यावरून तिकीट याच गाडीतलं की कालचं, हे तपासनिसाला समजे. आता फोनवर तिकीट असेल तर दाराशी चिकटवलेला कोड टिपायचा. दोन-तीन दिवस राहणार असाल तर ७२ तासांचा पास घ्यावा आणि या सगळ्या भानगडीतून सुटावं. सुटी तिकिटं म्हणजे गाडी बदलली की बहुधा नवं तिकीट.

तपासनीस दंडाला पट्टा बांधून सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभे असतात, बऱ्याचदा दोघं-तिघं. देआक चौकात मी बाकावर बसून त्यांचं काम बराच वेळ पाहिलं. गर्दीकडे ते बघतच नाहीत. त्यांची नजर पायांवर असते. ज्याची पावलं पट्टा दिसल्यावर मंदावतात, त्याच्याकडे हात जातो. एका तरुण जोडप्याकडे तिकिटं होती, नवीकोरी, शिक्का नसलेली. मुलगा पोटतिडकीनं सांगत होता की आम्ही पैसे भरलेत. तपासनीस बाई तिकीट उलटंसुलटं करून त्याला ती कोरी जागा दाखवत होत्या, न रागावता, पुन्हा पुन्हा. जागेवर भरला तर दंड कमी पडतो. त्यानं भरला. बाईंनी पावती फाडून दिली आणि त्या पुन्हा पाय बघायला लागल्या.

याच चौकात पहिली मेट्रो मिळते आणि ती बाकीच्या मेट्रोंच्या जातकुळीतलीच नाही. आंद्राशी रस्ता हा पेस्टचा मानाचा रस्ता. त्यावर ट्राम नको, पण सिटी पार्कातल्या सहस्राब्दी प्रदर्शनाला माणसं तर न्यायची आहेत, म्हणून रस्ताच उकरला, आत खोबण केली, वरून छत टाकलं. २ मे १८९६ रोजी ती सुरू झाली, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. सम्राट फ्रान्झ योझेफनं त्याच आठवड्यात तिच्यातून फेरी मारली आणि तिला त्याचं नाव मिळालं. आता नुसता एम-वन. इतकी उथळ की फुटपाथवरून जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्या की फलाट आलाच. वरून जाणाऱ्या बसची धडधड छतातून ऐकू येते. पांढऱ्या टाइल्स, त्यावर निळसर-काळ्या अक्षरांत स्टेशनचं नाव, हिरवट रंगाचे लोखंडी खांब. गाडी छोटी, पिवळी, छत डोक्याला लागेल असं, धरायला कातडी पट्टे.

तिची एक खोच आहे. बहुतेक स्टेशनांत दोन फलाटांना आतून जोड नाही. कोणत्या दिशेला जायचं ते रस्त्यावरच ठरवावं लागतं, कारण जिना इकडचा वेगळा आणि रस्त्यापलीकडचा वेगळा. चुकलं तर वर या, सिग्नलला थांबा, रस्ता ओलांडा, पुन्हा उतरा. ऑपेराच्या स्टेशनवर एक आख्खं कुटुंब समोरच्या फलाटावरून आपल्या आजोबांना खाणाखुणा करत होतं; मधे दोन रूळ आणि आजोबा निवांत.

चार आणि सहा नंबरच्या ट्राम मोठ्या अर्धगोल रस्त्यावरून जातात आणि त्यांच्यात बघण्यासाठी कोणी बसत नाही, बसायला मिळतही नाही. गाडी ५४ मीटर लांब, तरी गच्च. सहा नंबर रात्रभर चालते. मार्गारेट पुलावर मात्र मान वळवावी. हा पूल मधोमध कोन करून वळतो आणि त्या कोपऱ्यातून मार्गारेट बेटाकडे फाटा निघतो. ४ नोव्हेंबर १९४४ रोजी जर्मनांनी लावलेली सुरुंगाची दारू अवेळी उडाली तेव्हा पुलावर रहदारी चालू होती, ट्रामसुद्धा होती. पुढच्या काही महिन्यांत शहरातले सगळेच पूल गेले. साखळी पूल मूळ उद्घाटनाला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, २० नोव्हेंबर १९४९ला पुन्हा उघडला. एलिझाबेथ पूल एवढाच जुन्या रूपात परतला नाही. १९६४चा तो पांढरा, सडपातळ पूल त्यामुळे काठावर वेगळा उठून दिसतो. मला तो आवडतो. जुन्याची नक्कल न करण्याचं धाडस एका तरी पुलानं केलं.

राजवाड्यावर जायला साखळी पुलापाशी शिक्लो आहे, १८७० सालची दोरखंडावरची गाडी. एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. युद्धात ती मोडली, १९८६ला पुन्हा सुरू झाली. डबे सुबक, पण वेगळं तिकीट, पास चालत नाही, चढण उणीपुरी पन्नास मीटर आणि रांग पाऊण तासाची. शेजारून सोळा नंबरची बस त्याच डोंगरावर जाते, पासमध्ये, आणि तिला रांग नाही. रांगेतल्या लोकांना हे सांगावंसं वाटतं, पण त्यांना डबाच हवा असतो.

वर मच्छीमारांचा बुरूज. सगळे मनोरे आणि कमानी फ्रिजेश शुलेकनं १८९५ ते १९०२ या काळात रचलेल्या. लढाईसाठी बांधलेलं यात काही नाही. हा तटबंदीचा वेष घेतलेला सज्जा आहे. आणि सज्जात काय चालतं? सगळे बुडाकडे पाठ करून उभे. समोर नदीपलीकडे संसद, आता पहिल्यांदा पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या पायाशी पिवळा ठिपका सरकतो, तो दोन नंबर.

पाठ फिरवलेल्या बाजूला बुडाचे खरे डोंगर सुरू होतात आणि तिकडे जायला १८७४ सालची दातेरी रेल्वे आहे. हिचा आता ट्रामसारखा साठ नंबर आहे आणि पास चालतो. दोन रुळांच्या मधे दातांची पट्टी, गाडीखालचं चाक त्यात दात रोवत वर चढतं. गाडी करकरत बंगल्यांच्या मागच्या अंगणांमधून जाते. बरोबर शहर बघणारं कोणी नव्हतं. भाजीच्या पिशव्या होत्या आणि सायकली वर नेऊन उतारावरून सुसाट यायला निघालेली पोरं.

वरच्या टोकाहून थोडं चालल्यावर मुलांची रेल्वे. १९४८ साली साम्यवादी राजवटीत पायोनियर या बालसंघटनेतल्या मुलांसाठी ती बांधायला घेतली. राजवट गेली, रेल्वे राहिली. अकरा किलोमीटरांचा अरुंद मार्ग, सगळा जंगलातून. इंजिन मोठी माणसं चालवतात. बाकी तिकीटविक्री, तपासणी, सिग्नल, सांधे बदलणं, घोषणा सगळं दहा ते चौदा वर्षांची मुलं करतात. आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, आणि शाळेतली प्रगती चांगली हवी.

खिडकीतल्या मुलीनं माझ्या नोटेची सुटी नाणी दोनदा मोजली, मग बोटानं एकेक पुढे सरकवली, माझ्या डोळ्यांकडे बघत, कबूल आहे ना अशा अर्थानं. फलाटावर गणवेशातला एक मुलगा, टोपी कानांवर आलेली, हातात तबकडी. पुढच्या स्टेशनशी फोनवर बोलणं झालं, त्यानं वहीत काही टिपलं, बाहेर येऊन तबकडी उंचावली. गाडी हलली तशी टाच टाचेला लावून सॅल्यूट ठोकला आणि शेवटचा डबा जाईपर्यंत हात खाली घेतला नाही. डब्यातल्या मोठ्यांपैकी कोणी हसलं नाही. आतल्या तिकीट तपासणाऱ्या पोरानं माझ्या तिकिटाची तारीख वाचली, भोक पाडलं, ‘थँक यू’ म्हणाला आणि शेजारच्या बाकावर झोपलेल्या एका काकांना खांद्याला हलवून उठवलं.

यानोश-हेज स्टेशनवर उतरून अर्धा तास चढलं की ५२७ मीटरवर एलिझाबेथ मनोरा येतो. इथून दोन्ही काठ एकदम दिसतात. पण इतक्या उंचीवरून राजवाड्याची टेकडी चेपलेली वाटते, नदी चिंधीएवढी, साखळी पूल तर शेजारच्या माणसाला विचारून शोधावा लागला. त्यानं बोट दाखवलं तो एलिझाबेथ पूल निघाला. मी खाली स्टेशनवर आले. पुढची गाडी कधी, असं फलाटावरच्या मुलाला विचारलं. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग वेळापत्रकाकडे, मग खात्रीसाठी आत जाऊन वही बघून आला. “अकरा मिनिटं,” तो इंग्रजीत म्हणाला आणि जरा विचार करून त्यानं दुरुस्ती केली, “दहा.”