ऋषीची भाजी शोधताना

गेल्या वर्षी गणपती बसले त्या दिवशीची गोष्ट. माझे हात मोदकांच्या पिठात बरबटलेले, आणि आमच्या गल्लीतल्या जिजी दारात येऊन उभ्या. हातात रिकामी पिशवी. "बाजारमा चिवय नही, पाथरी नही. काय करू वं माय?" दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी होती, आणि अख्ख्या अमळनेरच्या बाजारात जिजींना हवी तशी ऋषीची भाजी मिळाली नव्हती.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे आपल्याला आया-आज्यांनी सांगितलेलं. नांगरलेल्या शेतातलं काही चालत नाही, म्हणून परसातलं आणि रानात आपोआप उगवलेलं खायचं. म्हणजे वर्षातून एक दिवस तरी बाईला रानातली भाजी ओळखता यावी, अशी ती सोयच म्हणायची. मी आपली भेंडी, दोडका, अळू, लाल भोपळा आणि कणसाचे तुकडे टाकून मोकळी होते. भेंडी कुणाच्या परसातली आहे, हे भाजीवालीला विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही!

जिजींचं तसं नाही. त्या तरुणपणी बोरी नदीच्या पलीकडच्या शेतांत निंदणीला जायच्या. कपाशीत, ज्वारीत, भुईमुगात. दिवसभर तण काढायचं आणि त्यातलंच निवडून ओच्यात बांधून घरी आणायचं. तांदुळजा, काटेमाठ, घोळ, चिवळ, पाथरी. पावसाळ्याचे दोन-तीन महिने भाजीला पैसा पडायचा नाही. "आता निंदाले कोन जास?" असं त्या विचारतात. खरंच आहे. निंदणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, मग शेतकरी पंप पाठीला लावतो आणि तणनाशक मारतो. त्याला तरी दोष कसा द्यायचा? पण त्या एका फवाऱ्यात जिजींची अख्खी भाजीमंडई जळते. बांधावर चुकून एखादी जुडी उरलीच, तर ती घ्यायची आपल्याला भीती वाटते.

त्या दिवशी जिजी तशाच परत गेल्या. मला मात्र चैन पडेना. कारण जिथे ही मंडई अजून भरते, असं एक गाव मी पाहिलेलं होतं. आपल्याच खान्देशातलं.

बारीपाड्याची बायकांची परीक्षा

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पुढे गुजरातच्या सीमेजवळ बारीपाडा नावाचं छोटंसं गाव आहे. वस्ती कोकणा आदिवासींची. अमळनेरहून गाडी केली तर धुळे, साक्री करत जायला निम्मा दिवस जातो. आमच्या भिशीच्या मैत्रिणींनी काही वर्षांपूर्वी हा बेत केला, तेव्हा घरच्यांनी विचारलं, "देवाला का?" आम्ही म्हटलं, "नाही, भाज्या बघायला." घरी जी हशा पिकली ती विचारू नका.

पण भाज्या बघायलाच जावं असं ते गाव आहे. २००४ सालापासून तिथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा होते. शैलेश शुक्ल हे अभ्यासक बायकांच्या वनस्पतिज्ञानाचा अभ्यास करायला तिथे आले होते, त्यातून ही कल्पना पुढे आली. स्पर्धा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? टोमॅटोचं गुलाबफूल, काकडीचे हंस आणि कोथिंबिरीची नक्षी! इथे तसलं काही नाही. बाईनं रानातून भाजी आणायची, तिच्या पद्धतीनं रांधायची आणि ती भाजी कुठं मिळते, कधी मिळते, कोणता भाग खायचा, कशावर गुणकारी, हेही सांगायचं. चवीला मार्क आहेतच, पण ज्ञानालाही आहेत. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा इथे परीक्षेला बसते, आणि पहिली येऊ शकते.

आम्ही शहाण्या बायका वह्या काढून बसलो. शेवळा, बाफळी, करटोली, चाईचा मोहोर, टाकळा, कुर्डू, बांबूचे कोवळे कोंब, पावसाळी अळिंब. निम्मी नावं पहिल्यांदाच ऐकलेली. सोबत नागलीची भाकरी. शेवळ्याला आंबट घातल्याशिवाय तो खायचा नाही, नाहीतर घसा असा खाजतो की पाणीही उतरत नाही. कडू कंद तर आणखी अवघड. चकत्या करून, उकडून, पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा आणि विषारीपणा घालवावा लागतो, तेव्हा तो पोटात घालायचा. हे कोणत्या पुस्तकात वाचून येतं? कुणीतरी कधीतरी चूक केली असेल, कुणाला त्रास झाला असेल, त्यातून एका बाईनं दुसरीला सांगितलं असेल, असं ते चालत आलेलं. म्हणून एक आत्ताच सांगून ठेवते. लेख वाचून कुणी उठून रानात जाऊन दिसेल ती पानं तोडू नका. जाणती बाई सोबत असेल तरच.

आता कुणी म्हणेल, त्यांना जंगल आहे, त्यांना काय कमी! मैत्रिणींनो, ते जंगल तिथे नव्हतं. म्हणजे होतं आणि गेलं होतं. १९९०च्या सुमाराला बारीपाड्याच्या डोंगरांवर झाडं फार थोडी उरली होती. सरपणाला तोड, घराला तोड, विकायला तोड. झाडं गेली तसं पाणी गेलं. आणि पाणी गेलं की कुणाची पायपीट वाढते, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याच गावातला चैत्राम पवार हा एम.कॉम. झालेला तरुण. शिकून शहरात नोकरी धरायची सोडून तो गावात राहिला. वनवासी कल्याण आश्रमाचे डॉ. आनंद फाटक यांची साथ मिळाली, आणि १९९२च्या आसपास गावानं बसून नियम केले. झाड तोडायचं नाही, जंगलात बैलगाडी न्यायची नाही. मोडेल त्याला दंड. राखण गावातल्याच माणसांनी करायची.

लिहायला चार ओळी लागल्या, पण विचार करा, सरपणाची मोळी बंद झाली तेव्हा त्या घराघरांतल्या चुली कशा पेटल्या असतील! असल्या नियमांचा पहिला चटका बाईलाच बसतो. पुढे गावात धूर कमी करणाऱ्या चुली आल्या, बायोगॅस आला, पण मधला काळ त्या बायकांनी काढलाच ना. पुरस्कारांच्या बातम्यांत हा भाग सहसा येत नाही.

मग हळूहळू झालं ते असं. तोड थांबल्यावर जुन्या खोडांना धुमारे फुटले. पानगळ जमिनीवर साचू लागली, कुजून मऊ थर झाला. पावसाचा थेंब थेट मातीवर आपटायचा थांबला, पाणी धावायचं थांबून चालायला लागलं आणि चालता चालता मुरायला लागलं. त्याला गावानं श्रमदानातून दगडी बंधाऱ्यांची आणि चरांची जोड दिली. असे शेकडो लहान-मोठे बंधारे झाले. जिथे उन्हाळ्यात हंडा भरायची मारामार, तिथल्या विहिरी टिकू लागल्या, आणि पुढे शेजारच्या गावांनाही हे गाव पाणी देऊ लागलं. आज गावानं राखलेलं जंगल साडेचारशे हेक्टरच्या घरात आहे. म्हणजे जवळजवळ अकराशे एकर! पाण्यामुळे इंद्रायणी तांदूळ आला, दुसरं पीक आलं, कामासाठी गाव सोडून जाणं कमी झालं.

२००३ साली संयुक्त राष्ट्रांशी संबंधित कृषी विकास निधीनं बारीपाड्याचा गौरव केला. २०२४ मध्ये राज्य सरकारचा पहिला वनभूषण पुरस्कार आणि २०२५ मध्ये पद्मश्री चैत्राम पवारांना मिळाली. आनंदच आहे. पण मला विचाराल तर त्या गावाची खरी पावती म्हणजे वनभाजीचं ताट. जंगल राखलं आहे की नाही, हे कागदावरून कळत नाही, बाईच्या टोपलीत किती तऱ्हेची भाजी आली त्यावरून कळतं.

आणि आपलं काय?

आपण तापीच्या आणि बोरीच्या काठची माणसं. बोरी किती दिवस वाहते, हे सखाराम महाराजांच्या यात्रेला वैशाखात वाळवंटात गेलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. कोरड्या पात्रातच तर यात्रा भरते. तापीवरच्या पाडळसे धरणाचं काम गेल्या शतकात सुरू झालं आणि त्याची वाट बघता बघता सुना सासवा झाल्या. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, यावर आपलं धुणं, पाहुणे, कुरडया-पापड सगळं ठरतं.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. २०१८च्या वॉटर कपमध्ये आपल्या तालुक्यातल्या गावांनी ऐन एप्रिल-मेच्या उन्हात कुदळ-फावडं हाती घेतलं होतं. पाट्या टाकायला बायका कुठे मागे नव्हत्या. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झालं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर नगरपालिकांना आणि ग्रामपंचायतींना गुण मिळतात. भिंती रंगतात, रोपं लागतात, घंटागाडीवर गाणी वाजतात. ओला-सुका कचरा वेगळा करायचा तो शेवटी आपल्याच ओट्यावर. मी प्रामाणिकपणे सांगते, पहिले काही महिने आमच्याकडे दोन डबे होते आणि दोन्हींत सगळंच पडायचं. सासूबाईंनी एक दिवस चहाचा गाळ आणि प्लॅस्टिकची पिशवी एकाच डब्यात पाहिली आणि मला नुसतं "हं" म्हटलं. त्या "हं"नं जे काम केलं ते कुठल्या गाण्यानं केलं नाही.

पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपल्यापैकी बहुतेकींना ती माहीत नसावी, म्हणून मुद्दाम लिहिते. २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेतसुद्धा जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. त्या समितीत बायकाही असतात, आणि गावातली झाडं, वनस्पती, प्राणी, त्यांचे उपयोग, याची एक लोक-नोंदवही करायची असते. राष्ट्रीय हरित लवादानं तर या कामासाठी देशभरातल्या संस्थांना जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली होती. मुदत आली की वह्या कशा भराभर पुऱ्या होतात, हे शाळेत मुलं असलेल्या आयांना वेगळं सांगायला नको!

म्हणजे बघा, जिजींच्या डोक्यात जे आहे ते लिहून ठेवायला कायद्यानं एक वही दिलेली आहे. त्यात पाथरीचं नाव आहे का? तिची पानं कच्ची भाकरीबरोबर खातात, हे आहे का? जिजींना कुणी विचारायला आलं होतं का? नव्हतं. मीसुद्धा शेजारी राहून वीस वर्षांत विचारलं नव्हतं.

म्हणून आम्ही भिशीतल्या सातजणींनी ठरवलं की आपणच बारीपाड्यासारखी छोटी स्पर्धा घ्यायची. उत्साहानं तारीख ठरली, बक्षिसाला पातेली आणली. आणि फजिती झाली. सातजणींच्या सात ताटांत मिळून रानभाज्या निघाल्या पाच. एकीनं पालक आणला होता, तोही आठवडी बाजारातला. एकीनं शेवग्याची पानं, तीही शेजाऱ्याच्या झाडाची. तांदुळजा तिघींकडे. जिजींना परीक्षक नेमलं होतं. त्यांनी एकेक ताट पाहिलं, चाखलं, आणि पातेलं कुणालाच दिलं नाही.

त्यानंतर मात्र त्यांनी एक केलं. नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे गेल्या, जो विहिरीलगतच्या वाफ्यांत फवारत नाही. येताना मुळांसकट घोळ आणि चिवळ घेऊन आल्या. माझ्या गच्चीवर ओल्या कचऱ्याच्या खताचे दोन जुने टब होते, त्यांत ती लावली. चिवळीला काही लागत नाही, थोडं ऊन, थोडं पाणी. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा चालतं, साबण नको फक्त. पंधरा दिवसांत टब भरला.

तिची भाजी जिजींच्या पद्धतीनं अशी. चिवळ तीन-चार पाण्यांतून धुवायची, कारण तिच्यात माती फार. मुगाची डाळ तासभर भिजवायची. शेंगदाण्याच्या तेलात भरपूर लसूण आणि हिरव्या मिरच्या ठेचून टाकायच्या, लसूण लाल झाला की डाळ, मग चिवळ. पाणी घालायचं नाही, ती स्वतःच सोडते. मीठ शेवटी, कारण भाजी शिजून एवढीशी होते आणि आधी टाकलं की हमखास खारट. सोबत कळण्याची भाकरी.

आमची वही आता सुरू आहे. साधीच, दोनशे पानी. दर शनिवारी दुपारी जिजी सांगतात, मी लिहिते, आणि माझी कॉलेजातली मुलगी पानाचा फोटो काढून त्याचं शास्त्रीय नाव शोधते. जिजी अहिराणीत एक नाव सांगतात, बाजारात दुसरं असतं आणि पुस्तकात तिसरं. आजवर तेवीस झाली. चार भाज्यांची नावं जिजींना आठवतात, पण दाखवायला झाड सापडत नाही, त्यांची पानं कोरी ठेवली आहेत. पालिकेत द्यायला अर्ज लिहून झाला आहे, त्यावर सातजणींच्या सह्या आहेत. जिजींनी सही केली नाही. "मना अंगठा नको, मनं नाव लिख," म्हणाल्या. ते लिहायला मी त्यांना शिकवते आहे.