नुसतं चालून भागत नाही, बाई!

गेल्या आषाढातली गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले होते. हे कचेरीत, मुलगा शाळेत, आणि माझी शाळा दुपारची. मी उसळीला फोडणी घालत होते, तेवढ्यात मागील दारी धप्पकन आवाज झाला. धावत जाऊन पाहते तो सासूबाई चिऱ्याच्या पायरीखाली बसलेल्या. पावसाने पायरीवर शेवाळ धरलं होतं, पाय घसरला. नशीब बलवत्तर म्हणून हाड मोडलं नाही, ढोपर खरचटण्यावर भागलं. पण त्यांना उठता येईना.

"जरा हात दे गं," त्या म्हणाल्या. मी हात दिला. मग काखेत हात घालून ओढून पाहिलं. (पडलेल्या माणसाला असं एकदम ओढू नये, कुठे मोडलं-बिडलं नाही ना हे आधी पाहावं, हे मला नंतर कळलं.) सासूबाई काही जाड नाहीत, पंचावन्न किलोच्या आतबाहेर. पण माझ्याच्याने त्या हलल्या नाहीत. शेवटी शेजारच्या वहिनींना हाका मारल्या, आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना पडवीत आणलं. तोवर आम्ही सासू-सुना पावसात भिजत एकमेकींकडे बघत बसलो होतो. गॅसवरची फोडणी अर्थातच जळाली.

मला वाईट कशाचं वाटलं सांगू? आम्ही दोघी काही बसून राहणाऱ्या बायका नव्हे. सासूबाई वयाच्या सहासष्टाव्या वर्षीही सकाळ-संध्याकाळ चालत देवळात जातात. आणि मी तर दोन वर्षं रोज संध्याकाळी अलिबागच्या समुद्रावर फिरायला जात होते. समोर कुलाबा किल्ला, वारा, चार मैत्रिणी. "मी रोज पाऊण तास चालते हो," हे वाक्य मी कुणाहीपुढे टाकत असे. एवढं चालून दोघींपैकी एकीला उठता आलं नाही आणि दुसरीला उठवता आलं नाही.

पुढे ढोपर दाखवायला ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी सासूबाईंना साध्या खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घडी घालायला लावले आणि सांगितलं, "आता अर्ध्या मिनिटात हाताचा आधार न घेता जेवढ्या वेळा उठून बसता येईल तेवढ्या वेळा उठा." सासूबाईंचं चार वेळा झालं. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या बाईचं अकरा वेळा तरी व्हावं, म्हणे. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही काय व्यायाम करता?" मी मान ताठ करून सांगितलं, "चालते." त्या हसल्या. "चालणं हृदयाला झालं. स्नायूंना काय देता?"

तेव्हापासून या विषयाची मी जरा मागेच लागले. जे कळलं ते असं.

व्यायामाचे ढोबळ दोन प्रकार. एक दमाचा: भरभर चालणं, पोहणं, सायकल, जिना चढणं. यात हृदयाचे ठोके वाढतात आणि बराच वेळ वाढलेले राहतात. दुसरा ताकदीचा: यात थोड्याच वेळा, पण जड काम करायचं, म्हणजे उठाबशा, जोर, वजन उचलणं. पहिल्याने हृदय आणि फुप्फुसं तयार होतात, दुसऱ्याने स्नायू आणि हाडं. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

दमाच्या व्यायामाचं महत्त्व जगाला पटलं ते एका गमतीदार गोष्टीवरून. लंडनच्या दुमजली बसवर एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर असे. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिना वर-खाली करणारा. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दोघांची तुलना करून १९५३ साली दाखवून दिलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. तेव्हापासून 'चाला, चाला' सुरू झालं आणि ते बरोबरच आहे. पण ताकदीची गोष्ट मागे पडली. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. मारिया फियाटारोने या डॉक्टरबाईंचा हा प्रयोग. त्या आजी-आजोबांच्या पायांतली ताकद दुपटीहून जास्त वाढली, आणि दोघांची तर काठी सुटली. नव्वदीत जर हे होतं, तर आपण अडतिशीत 'आता वय झालं' म्हणायला मोकळ्या नाही.

आणि वय होण्याची वाटही पाहू नये. तिशी-चाळिशीपासून स्नायू हळूहळू झिजायला लागतात. पाळी जाण्याच्या सुमारास हाडांचाही ऱ्हास वेगाने होतो. मग पंचाहत्तरीत न्हाणीघरात पाय घसरला की खुबा मोडतो, आणि पुष्कळ घरांत तिथूनच अंथरूण सुरू होतं. दुसरं, जेवणातून रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायूच कमी असतील तर साखर जाणार कुठे? घरोघरी मधुमेह असताना ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

"पण आपण घरकाम करतो की! त्यात नाही का व्यायाम होत?" हे मला प्रत्येक मैत्रीण विचारते. पूर्वी होत असेलही. माझ्या आजीच्या माहेरी वाडीत विहीर होती. रहाटाचं पाणी ओढायचं म्हणजे पाठ आणि दंड. जातं ओढायचं म्हणजे खांदे आणि पोट. हंडा-कळशी घेऊन चढण चढायची म्हणजे मांड्या. पाटावर बसणं-उठणं दिवसातून पंचवीसदा. आज विहिरीवर पंप, पीठ गिरणीतून, वाटण मिक्सरवर, स्वयंपाक उभ्याने, आणि बाजारात स्कूटर. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, तोसुद्धा आणणाऱ्या मुलाने ओट्याखाली सरकवून द्यावा अशी आपली अपेक्षा. घरकामाने आपण दमतो हे शंभर टक्के खरं, पण दमणं वेगळं आणि ताकद वाढणं वेगळं. ताकद वाढायला ओझं थोडं थोडं वाढावं लागतं. तीच भांडी, तोच केर, तीच वाकलेली कंबर, यातून ती कशी वाढणार?

म्हणून जुन्या काळाची आरतीही ओवाळू नका हं. आमच्या आजीची पाठ साठीत वाकली होती. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडलेल्या कोळणीला दम आणि ताकद दोन्ही होती, पण तिच्या मानेला आणि गुडघ्यांना विचारा. रोज तेच ओझं, विश्रांती नाही, आणि पोटाला सर्वांत शेवटी. व्यायाम आणि राबणं यांत फरक आहे तो इथे. बारामतीच्या लता करे आठवतात? साठी ओलांडलेल्या, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी शर्यत धावल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला. आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण त्या पायांमागे वर्षानुवर्षांची शेतमजुरी होती, हे विसरून आपण उद्या तसं धावायला गेलो तर गुडघा धरून परत येऊ.

मग सूर्यनमस्कार? हा प्रश्न आमच्या ह्यांचा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा केवढा प्रचार केला! संस्थानच्या शाळांत मुलांकडून घालून घेतले, पुस्तकं लिहिली. सूर्यनमस्कार भरभर घातले तर दमाचा व्यायाम होतो, सावकाश घातले तर हातांना आणि छातीला ताकदीचा. फार चांगला व्यायाम आहे. एकच उणीव मला दिसते: त्यात ढकलणं आहे, ओढणं नाही. रहाटाची जागा रिकामीच राहते. ती वेगळी भरायला हवी.

हिशोब किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं माप असं: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही. दीडशे मिनिटं म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. मध्यम दम कसा ओळखायचा? चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. या परीक्षेत आमचा समुद्रावरचा कंपू सपशेल नापास झाला! आमच्या गप्पांचा वेग पायांपेक्षा जास्त होता. आता ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूवर भरभर चालतो आणि मधून मधून दोन-तीन मिनिटं वरच्या कोरड्या वाळूत. पाय रुतत असल्याने तिथे जवळजवळ दुप्पट शक्ती खर्च होते, बोलणं आपोआप बंद.

मी सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार, रविवार चालते. मंगळवार आणि शुक्रवार ताकदीचे. मध्ये दोन दिवस जातात ते मुद्दाम, कारण स्नायू भरून येतो तो विश्रांतीत. एकाच दिवशी दोन्ही करायची वेळ आली तर आधी ताकदीचा करावा, अंग ताजं असताना, मग चालावं. दोन्ही केल्याने एकाचा फायदा दुसरा खातो का, याची काळजी खेळाडूंना करू द्या. आपलं प्रमाण एवढं थोडं आहे की आपल्याला ती चिंता नाही.

मंगळवार-शुक्रवार वीस-पंचवीस मिनिटं मी काय करते ते सांगते. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालून अंग गरम करायचं. मग खुर्चीवरून हात न लावता उठबस, दहा वेळा. जमायला लागलं की छातीशी वजन धरून. मग जोर: सुरुवात भिंतीला हात टेकून, महिन्या-दोन महिन्यांनी ओट्याला, आणि हिंमत झाली की जमिनीवर. मी अजून ओट्यावरच आहे! मग माझा आवडता 'रहाट': एक हात आणि एक गुडघा पलंगावर टेकायचा, पाठ सरळ, आणि दुसऱ्या हाताने खाली लोंबणारी जड पिशवी कमरेपर्यंत ओढून सावकाश खाली सोडायची. उताणं झोपून, पाय दुमडून, कंबर वर उचलणं. आणि शेवटी दोन्ही हातांत सारख्या भरलेल्या बादल्या घेऊन, पाठ न वाकवता पडवीत फेऱ्या. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, थोडं थांबून पुन्हा एकदा. शेवटचे दोन कष्टाने व्हावेत. बारा सहज होऊ लागले की वजन वाढवायचं. श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा.

वजनं विकत आणायची गरज नाही. लिटरच्या बाटलीत पाणी भरलं की एक किलो, तीच वाळूने भरली की दीड किलोच्या वर.

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी ऐकून नाक मुरडलं. "वजनं उचलून बाई पुरुषी दिसते." मी म्हटलं, तसं व्हायला आपल्या अंगात पुरुषाचं संप्रेरक हवं आणि वर्षानुवर्षांची मेहनत हवी. २००० साली सिडनीला स्त्रियांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं, आणि कर्णम मल्लेश्वरीने एकशे तीस किलो डोक्यावर नेऊन देशाला कांस्यपदक आणलं. भारतीय स्त्रीचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. आपल्याला निदान सिलिंडर तर हलवता यावा!

काही जणींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, हाडं ठिसूळ असल्याचं सांगितलं असेल, नुकतंच बाळंतपण किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, आणि 'अंग बाहेर येण्याचा' त्रास असेल तर नक्कीच. ही शेवटची तक्रार आपण संकोचाने वर्षानुवर्षं लपवतो आणि वर बादल्या उचलतो. लपवू नका, त्यावर उपाय आहेत.

पावसाळ्यात समुद्र बंद. मग मी जिना वापरते. पण श्रावणात मंगळागौरीला जाणवलं की आपल्या बायकांनी दोन्ही व्यायाम एका रात्रीत बसवून ठेवलेत. झिम्मा-फुगडीने दम लागतो, आणि बसफुगडी? दहा घालून दाखवा, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या सांगतील.

खाण्याचं एक बोलल्यावाचून राहवत नाही. स्नायू हवेवर वाढत नाहीत. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला रोज पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेला रस्सा आणि पोळी, मासळीतला शेपटीकडचा तुकडा, असं जेवणाऱ्या बाईच्या पोटात ते कुठून जाणार? मी आता वालाची उसळ वाढतानाच माझी वाटी बाजूला काढून ठेवते. पहिल्या दिवशी मलाच अपराध्यासारखं झालं. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सासूबाई सुरुवातीला माझ्या बादल्यांच्या फेऱ्या पाहून म्हणाल्या, "अगं, ही काय थेरं?" पण दुसऱ्याच शुक्रवारी खुर्ची ओढून शेजारी बसल्या. आता दोघी बरोबर करतो, त्या ओट्याला धरून एका पायावर उभं राहण्याचं जास्तीचं करतात. परवा मी घड्याळ लावून मोजलं: अर्ध्या मिनिटात नऊ. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी आपल्या दोन्ही बाटल्यांतलं पाणी तुळशीत ओतलं आणि नातवाला हाक मारली, "जा रे, समुद्रावरनं वाळू घेऊन ये."