शेत डोंगरावर, घर पायथ्याशी : रेवदंड्यामागच्या आदिवासी वाड्यांचे भवितव्य

पहिला पाऊस पडून गेला की रेवदंड्याच्या बाजारात शेवळांच्या जुड्या येतात. त्या विकणाऱ्या कातकरी भगिनी जुडीसोबत आठवणीने काकडेही देतात, कारण त्यांच्याविना शेवळाची भाजी घशाला खाजते. पुढे टाकळा, कुर्डू, भारंगी असा रानभाज्यांचा क्रम सुरू राहतो. भाव करून जुडी पिशवीत टाकणाऱ्या आपणां धर्मग्रामस्थांपैकी किती जणांनी त्या भगिनीला, "बाई, तुझी वाडी कुठली?" असे विचारले असेल? आम्हीही अनेक वर्षे विचारले नव्हते, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

ती वाडी बहुधा डोंगरात असते. खाडीपलीकडे फणसाडचे डोंगर आहेत. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान असलेला हा भाग १९८६ मध्ये अभयारण्य झाला. पूर्वेस कुंडलिकेच्या खोऱ्यात रोह्याकडे जावे तसतशा डोंगररांगा उंचावत जातात. या डोंगरांच्या कुशीत कातकरी, ठाकर व धनगर समाजाच्या लहान लहान वाड्या आहेत. दुर्गम म्हणजे काय, हे कोर्लईच्या आपल्या जुन्या माणसांस सांगावयास नको. कुंडलिकेवर पूल होण्यापूर्वी रेवदंड्यास यावयाचे तर त्यांस होडीशिवाय गत्यंतर नव्हते. १९८० च्या दशकात पूल झाला आणि गाव जगाशी जोडले गेले. डोंगरातील कित्येक वाड्यांच्या वाटेवर मात्र अद्याप आजाऱ्यास डोलीतूनच खाली आणावे लागते.

डोंगरउतारावरील शेतीस आपल्याकडे वरकस शेती म्हणतात. उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून राब भाजावयाचा, पावसाच्या तोंडावर त्या राखेत बी टाकावयाचे आणि रोपे हाती आली की उतारावर लावावयाची, ही तिची रीत. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, त्यानंतर तीळ किंवा खुरासणी आणि मग ती जमीन काही वर्षे विसाव्यास सोडून द्यावयाची. ही पद्धत अडाणीपणाची असे पुष्कळांस वाटते. आमचे मत वेगळे आहे. मातीचा थर पातळ, पाऊस दोन हजार मिलिमीटरहून अधिक आणि नांगरास जागा नाही, अशा ठिकाणी जमिनीस विश्रांती देणे हेच शहाणपण होय. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा नाचणीचे गुण शहरांतही गाइले गेले. २०२५-२६ साठी केंद्र शासनाने नाचणीचा आधारभूत भाव क्विंटलला ४,८८६ रुपये ठरविला आहे. परंतु ज्या घरात पिकलेली नाचणी कुटुंबालाच वर्षभर पुरत नाही, त्या घरास त्या भावाचा काय उपयोग?

कापणी संपून दिवाळी झाली की वाडी रिकामी होऊ लागते. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या आधी परततात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली आहे, तरी उचलीचा हा फास सुटलेला नाही. मुलांची शाळा मध्येच तुटते. डोंगरातील झरे व विहिरी फाल्गुनापासून आटू लागतात, हेही या स्थलांतराचे एक कारण आहे.

या सर्वांच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्यात ब्रिटिश अमदानीत डोंगरावरील काही जमिनी आदिवासींच्या गटांस कसण्यासाठी दिल्या गेल्या. त्यांस दळी जमिनी म्हणतात. नोंद बहुधा गटाच्या एका नायकाच्या नावे असे, कसणारी कुटुंबे अनेक आणि मालकी वनखात्याची. पिढ्या गेल्या, नायक वारले, कागद तसेच राहिले. या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे करण्याचे प्रयत्न रखडले, त्यातच १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि गुंता वाढला. सातबारा नसल्यामुळे पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही. १९९० नंतर रोजगार हमीतून झालेल्या फळबाग लागवडीने कोकणातील कित्येक उजाड डोंगर आंबा-काजूने भरले, पण ज्याच्या नावे जमीन त्याच्याच दारी ती योजना आली.

दुसरे संकट डोंगराचेच. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी डोंगराखाली गाडली गेली. वर जाण्यास पायवाटच होती; यंत्रे नेता येईनात, हेलिकॉप्टर उडेना, म्हणून जवानांनी व गिर्यारोहकांनी हातांनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. पुढे सिडकोमार्फत पायथ्याजवळ चौक परिसरात वाचलेल्या ४४ कुटुंबांसाठी पक्की घरे बांधण्यात आली. हे आवश्यकच होते. पण घर खाली आणता येते, शेत आणता येत नाही. खाली आलेल्या शेतकऱ्याने रोज डोंगर चढून नाचणी राखावी की कारखान्याच्या दारी मजुरी शोधावी, हा प्रश्न प्रत्येक पुनर्वसनात उभा राहतो.

हा पेच केवळ आपलाच नव्हे. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटाचे नाव पोर्तुगिजांनी ठेवलेले, आणि तेथील बहुसंख्य जनता कॅथलिक आहे. तेथे हजार मीटरहून उंचावर वाए रेबो नावाचे शेतकऱ्यांचे गाव आहे. शंकूच्या आकाराची सात मोठी घरे, भोवती कॉफीचे मळे आणि पोहोचण्यास काही तासांची चढण. मुलांच्या शाळेसाठी तेथील कुटुंबांनी पायथ्याकडे कोम्बो ही दुसरी वस्ती केली आहे. वरची घरे मात्र सोडलेली नाहीत. ती पूर्ववत बांधल्याबद्दल २०१२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि आता कॉफीबरोबर पाहुण्यांपासूनही उत्पन्न येते. त्यांचे सारे आपल्याकडे जमेल असे नाही. परंतु वरचे शेत आपलेच आहे ही खात्री असल्याने त्यांस खाली घर करणे परवडते, एवढे ध्यानी घ्यावे.

आपल्याकडे ती खात्री देणारा कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबास चार हेक्टरपर्यंतचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे मिळू शकतो. तो वारसांकडे जातो, विकता येत नाही. जुने पट्टे हक्कात बदलून देण्याची तरतूदही त्यात आहे, म्हणून दळीधारकांस त्याचे विशेष महत्त्व. सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी रायगडात हा प्रश्न दीर्घकाळ लावून धरला आहे. १५ नोव्हेंबर २०२३ पासून पंतप्रधान जनमन योजनेत कातकऱ्यांसाठी घरे व रस्ते यांचीही तरतूद झाली. ठाकर समाज मात्र त्या यादीत नाही.

दाव्यासाठी महसुली कागदच हवा असे नाही. दावेदाराव्यतिरिक्त वाडीतील वडीलधाऱ्याचा लेखी जबाब, जुन्या पावत्या, शेताचे बांध, हेही पुरावे नियमांत मान्य आहेत. पण दाव्यास ग्रामसभेचा ठराव लागतो आणि त्या सभेस निम्मे सदस्य हजर हवेत. दिवाळीनंतर अर्धी वाडी भट्टीवर असताना ही उपस्थिती कोठून येणार? म्हणून हे काम पावसाळ्यातच उरकावे लागते. ग्रामसभेचा निर्णय प्रतिकूल गेला तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. पुष्कळांची ही मुदत केवळ अर्ज लिहिणारे कोणी न मिळाल्याने टळते. आपल्या धर्मग्रामात निवृत्त शिक्षक आहेत, तलाठी कार्यालयाचे व्यवहार जाणणारे आहेत. पुढच्या ज्येष्ठात बाजारात शेवळे आली की जुडी घेताना वाडीचे नाव विचारून ठेवावे आणि दळीची पावती घरात आहे का, तेही विचारावे.