यंत्रणा अनेक, ठिकाण एक : उपग्रह दिशादर्शनातील सहकार्य आणि सल्लासेवा

उपग्रह दिशादर्शनाच्या जागतिक यंत्रणा आज चार आहेत : अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपीय संघाची गॅलिलिओ आणि चीनची बैदू. भारताची नाविक आणि जपानची क्यूझेडएसएस या प्रादेशिक यंत्रणा आहेत. प्रत्येकीचे उपग्रह, घड्याळे आणि नियंत्रण केंद्रे वेगळी. तरीही आजचे अनेक मोबाइल यांतल्या बऱ्याच यंत्रणांचे सिग्नल एकत्र वापरून ठिकाण दाखवतात. त्यामागे देशोदेशींच्या सरकारांमधल्या वाटाघाटी आहेत आणि त्या वाटाघाटींना तांत्रिक आधार देणाऱ्या तज्ज्ञांची सल्लासेवाही आहे.

या तंत्राचा पाया वेळ हा आहे. सिग्नल उपग्रहावरून केव्हा निघाला आणि केव्हा पोहोचला, यावरून अंतर काढले जाते. घड्याळात एका मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर अंतर सुमारे 300 मीटरने चुकते. मोबाइलमधले घड्याळ उपग्रहावरच्या आण्विक घड्याळाइतके अचूक नसते. म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंचीबरोबर या घड्याळाची चूकही शोधावी लागते आणि किमान चार उपग्रह दिसावे लागतात. दोन यंत्रणांचे उपग्रह एकत्र वापरले, की त्यांच्या प्रमाणवेळांमधला फरक हे पाचवे अज्ञात येते आणि पाचवा उपग्रह लागतो. तो फरक यंत्रणांनी सिग्नलमधूनच कळवला, तर चार पुरतात. उंच इमारतींच्या दाटीत, जिथे आकाशाची पट्टीच दिसते, तिथे हा एक उपग्रह मोलाचा ठरतो.

दुसरा प्रश्न वारंवारतांचा. उपलब्ध पट्टे मर्यादित आहेत आणि एकाचा सिग्नल दुसऱ्याला अडथळा ठरू शकतो. गॅलिलिओच्या एका नियोजित सिग्नलमुळे जीपीएसच्या नव्या लष्करी सिग्नलला बाधा येईल, असा अमेरिकेचा आक्षेप होता. दीर्घ चर्चेनंतर जून 2004 मध्ये दोघांनी आयर्लंडमध्ये करार केला. पुढे 2007 मध्ये नागरी वापराच्या समान सिग्नलची सुधारित रचनाही ठरली. राजकीय मतभेदाचे रूपांतर मोजता येणाऱ्या तांत्रिक प्रश्नात झाले, म्हणून तोडगा निघू शकला.

सर्व देशांसाठीचे व्यासपीठ म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने 2005 मध्ये स्थापन झालेली, या यंत्रणांसाठीची आंतरराष्ट्रीय समिती. तिचे सचिवालय व्हिएन्नातील बाह्य अवकाश कार्यालय सांभाळते. तिची दुसरी बैठक 2007 मध्ये बंगळुरूला झाली. समितीच्या शिफारशी बंधनकारक नसतात. त्यामुळे तिथे पटण्याजोगा पुरावा मांडण्याला विशेष महत्त्व असते.

सल्लागारांचे काम इथेच येते. सिग्नलमधला अडथळा मोजणे, दोन देशांची मानके आणि कायदे ताडून पाहणे, बाजारपेठेचा अभ्यास करणे, संयुक्त प्रकल्प आखणे आणि प्रशिक्षण देणे ही त्यांची मुख्य कामे. व्हिएतनाममध्ये हनोईच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात युरोपीय संस्थांच्या सहकार्याने नाविस हे संशोधन केंद्र उभे राहिले. विषुववृत्ताजवळच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, होणाऱ्या उलथापालथीमुळे सिग्नल वेडावाकडा होतो. तिथली निरीक्षणे युरोपला आपल्या खंडात मिळत नाहीत, तर आशियाई तरुणांना युरोपचे तंत्रज्ञान हवे असते. दोघांची गरज नेमकी ओळखून ती एका प्रकल्पात गुंफणे हेच चांगल्या सल्ल्याचे लक्षण.

भारताचा अनुभव हेच सांगतो. विमानांना अचूक मार्गदर्शन देणारी गगन यंत्रणा इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उभारली. ती अमेरिका, युरोप आणि जपानच्या तशाच यंत्रणांशी सुसंगत असल्याने विमानात प्रत्येक प्रदेशासाठी वेगळे उपकरण बसवावे लागत नाही. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल-5 आणि एस या पट्ट्यांवर चालत. बहुतेक मोबाइल मात्र एल-1 पट्टा वापरत. 29 मे 2023 रोजी सोडलेल्या एनव्हीएस-01 या उपग्रहावर एल-1 सिग्नल आणि स्वदेशी आण्विक घड्याळ दोन्ही आहेत. स्वतःची यंत्रणा असणे आणि ती जगाशी जुळणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात, हे यातून दिसते.

सल्लागार एकाच वेळी सरकारला सल्ला आणि उद्योगाला सेवा देत असेल, तर त्याचे हितसंबंध उघड असले पाहिजेत. त्याने मांडलेली आकडेमोड दुसऱ्या पक्षाला तपासता आली पाहिजे. नाविकचा विस्तार होत असताना भारतालाही अभियांत्रिकी, कायदा आणि राजनय या तिन्हींची जाण असलेले असे स्वतंत्र तज्ज्ञ विद्यापीठांतून घडवावे लागतील. उपग्रह बांधण्याइतकेच हे कामही आवश्यक आहे.