बहुरूप्याचा पोशाख कोणाचा?

माझ्या दुसऱ्या कादंबरीचा कॉपीराइट माझ्याकडे आहे. पण ती ज्या फाईलमध्ये जुळवली गेली, ती उघडणाऱ्या प्रणालीचा कॉपीराइट एका कंपनीकडे आहे आणि त्या कंपनीचा पत्ता आता सापडत नाही.

इथे खारदांड्यातच, आमच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्याने 1997 साली ते पुस्तक जुळवले. नव्या आवृत्तीसाठी प्रकाशकाने फाईल मागितली. त्याने जपून ठेवलेली फ्लॉपी काढली, फाईल आजच्या संगणकावर उतरलीही, पण पडद्यावर उमटली ती निव्वळ गिचमीड. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक मराठी फॉन्टवाल्याची बाराखडी वेगवेगळ्या आकड्यांवर बसवलेली असे. भारतीय मानक ब्युरोने 1991 साली ‘इस्की’ ही सामाईक संकेतप्रणाली मान्य केली होती, पण छपाईच्या अक्षरांच्या दुनियेत ज्याची चूल त्याच्या घरी! त्यातून त्या प्रणालीला लॉक होते. प्रिंटरच्या पोर्टमध्ये ते खोचल्याखेरीज ती चालायचीच नाही. आमच्याकडच्या हवेत बोंबील वाळतात आणि लोखंड गंजते. लॉकच्या पिनांची काय गत झाली असेल ते सांगायला नको.

डीटीपीवाल्याचा मुलगा म्हणाला, “काका, एम्युलेटरवर चालवू या.”

एम्युलेटर म्हणजे बहुरूपी. नव्या संगणकात एक कार्यक्रम बसतो आणि हुबेहूब जुन्या संगणकाचे सोंग आणतो. जुन्या प्रणालीला वाटते, आपण आपल्याच घरी आहोत. हे सोंग आणणे हा काही गुन्हा नव्हे. अमेरिकेत सोनीने कनेक्टिक्स या कंपनीवर तसा दावा लावला होता. 2000 साली अपील न्यायालयाने सोनीच्या विरुद्ध निकाल दिला. अडचण येते ती पोशाखाची. सोंग बहुरूप्याचे असले, तरी आत चालणारी मूळ प्रणाली दुसऱ्याच्या मालकीची असते.

आपल्या कायद्याने संगणकाच्या प्रणालीला साहित्यकृती मानले आहे. (आम्हा कादंबरीकारांना हे नवे भाऊबंद!) म्हणजे मुदतही साहित्याचीच, लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. 1995 साली तिशीत असलेल्या प्रोग्रामरने ती लिहिली आणि त्याला 80 वर्षांचे आयुष्य लाभले, तर हक्क 2105 सालापर्यंत चालेल. फ्लॉपी मात्र पंचवीस वर्षेही धड टिकत नाही.

कलम 52 मी बँकेचे परिपत्रक वाचावे तसे वाचले. ज्याच्याकडे प्रत रीतसर आहे, त्याला ती वापरण्यासाठी किंवा नष्ट होण्यापासून वाचवण्यासाठी नक्कल करता येते. डीटीपीवाल्याकडे पावती आहे. लॉकचेही तसेच. 2012 साली आलेले कलम 65अ कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असला तरच. अमेरिकेने तर 2003 साली निकामी झालेल्या, कालबाह्य लॉकांना चक्क सूट दिली होती.

घोडे अडले ते पुढे. प्रणालीच्या पाच फ्लॉप्यांपैकी तिसरी वाचेना. मुलाने इंटरनेटवर कोणीतरी ठेवलेली अख्खी प्रत शोधून काढली. पण ती ठेवणाऱ्याला ती वाटण्याचा अधिकार कुठे होता? स्वतःची नक्कल करण्याची मुभा म्हणजे दुसऱ्याला वाटण्याची मुभा नव्हे. ग्रंथालयाकडे जावे, तर जतनासाठी साठवण्याची 2012 सालची सवलत मूळ प्रत ‘नॉन-डिजिटल’ असेल तरच आहे. म्हणजे पोथी जतन करता येते, फ्लॉपी नाही. मालक सापडत नसलेल्या कृतीसाठी कलम 31अ आहे, पण जुना फॉन्ट उघडायला कोर्टाची पायरी कोण चढणार?

बँकेत याहून शहाणपणाची सोय आहे. 10 वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या 2014 सालच्या निधीत जाते आणि वारस आला की परत मिळते. बेवारस प्रणालीला असे खातेच नाही.

आणि तरीही हे किती सोपे असू शकते, याचे उदाहरण पुण्याशी नाते सांगणारे आहे. ऐंशीच्या दशकात ब्रिटनचा स्पेक्ट्रम संगणक पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन इथे विकला; टीव्हीला जोडायचा, प्रणाली कॅसेटवरून भरायची. सिंक्लेअरचा तो धंदा 1986 साली ॲमस्ट्रॅडने विकत घेतला होता. पुढे स्पेक्ट्रमचे एम्युलेटर निघाले, तेव्हा सोळा किलोबाइटांच्या मूळ रॉमचा प्रश्न आला, कारण तिच्याविना सोंग वठत नाही. 1999 साली ॲमस्ट्रॅडच्या अधिकाऱ्याने जाहीर सांगितले की, रॉम एम्युलेटरबरोबर द्या, तिचे पैसे घेऊ नका, आतली आमची नाममुद्रा पुसू नका. कॉपीराइट त्यांनी सोडला नाही, फक्त परवानगी दिली. मायक्रोसॉफ्ट तर आणखी पुढे गेली. 2024 साली तिने डॉस 4.0 चा मूळ मजकूरच खुला केला.

मराठी अक्षरे संगणकावर आणणारी माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. काहींच्या कंपन्या चालू आहेत, काहींच्या मिटल्या. पण सही करू शकणारे हात अजून आहेत. ज्या जुन्या आवृत्त्या आता विकायच्याच नाहीत, त्यांच्यासाठी एक पान पुरे. प्रणालीचे नाव, आवृत्ती, लॉकविना चालवण्याची मुभा, विनामूल्य वाटण्याची मुभा, मालकी आमचीच, खाली सही आणि तारीख. आमच्या कंपनीचा भागीदार कोणाच्या ओळखीत असेल, तर एवढाच मसुदा मी टाईप करून ठेवला आहे, युनिकोडमध्ये.